आमची मते आणि आमचे पक्ष

२०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक एका खेड्यातल्या शाळेत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून झाली होती. शिक्षकाला हे काम नवे नाही. शाईची बाटली, मतदारयादी, मोहरबंद यंत्र, पुठ्ठ्याचा आडोसा आणि बाकावर ओळीने बसलेले निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी, असा सारा संसार मांडून आम्ही सकाळपासून बसलो होतो. दुपारी उन्हे कलल्यावर एक म्हातारी आली. बोटाला शाई लावून घेऊन ती आडोशामागे गेली आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. मत पडल्याचा यंत्राचा आवाज तर मघाशीच झाला होता. मी बसल्या जागेवरून विचारले, ‘‘आजी, झालं ना?’’ आतून आवाज आला, ‘‘मास्तर, दुसरं बटण कुठं हाय?’’

मग माझ्या ध्यानात आले. २०१७ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांची मते एकाच वेळी द्यायची होती आणि तेव्हा बाईंनी दोन बटणे दाबली होती. तीच आठवण धरून ती उभी होती. ‘‘आजी, या वेळी एकच असतं,’’ मी म्हणालो. म्हातारी बाहेर आली, पदर सावरला आणि जाता जाता म्हणाली, ‘‘येकात कसं मावायचं समदं?’’

बाकावरचे सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी एकदम हसले. दिवसभरात त्यांनी एकत्र केलेली ती एकच गोष्ट. मीही हसलो. परंतु रात्री यंत्रे जमा करून घरी परतताना ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. म्हातारीच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. पण तिच्या मनात एकाहून अधिक गोष्टी होत्या आणि त्या एका बटणात मावत नव्हत्या, एवढे तर खरेच. तुमच्याआमच्या मनातल्या तरी कोठे मावतात?

राजकारणाच्या अभ्यासकांनी सोडवावयाच्या या प्रश्नात कादंबरी लिहिणाऱ्याने का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर द्यावयाचे तर मला आधी माझ्याच एका फसलेल्या कादंबरीची कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणावर एक कादंबरी लिहिली. तिच्यात एका पक्षाचा तरुण नायक होता, दुसऱ्या पक्षाचा मुरलेला चेअरमन होता, मोर्चा होता, निवडणूक होती. नायकाची भाषणे मी मोठ्या हौसेने लिहिली होती. पुस्तक निघाल्यावर एका अनोळखी वाचक बाईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, ‘तुमचा नायक सभेत फार छान बोलतो. पण तो घरी काय बोलतो? बहिणीच्या लग्नात त्याने हुंडा दिला की नाकारला? तो देवाला नमस्कार करतो का? शेतावरच्या गड्याला कोणत्या कपात चहा देतो? हे काहीच तुम्ही सांगितले नाही, म्हणून तो मला ओळखीचा वाटला नाही.’

पत्र वाचून मला प्रथम राग आला. आणि मग लाज वाटली. बाईंनी नेमके वर्मावर बोट ठेवले होते. मी माणूस लिहिलाच नव्हता. एका पक्षाचा जाहीरनामा घेऊन त्याला हातपाय लावले होते. त्या दिवसापासून मी आपल्या साहित्यातली राजकीय माणसे पुन्हा तपासू लागलो, आणि जो निष्कर्ष निघाला तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. पात्राची सगळी मते ज्या क्षणी एका पक्षाच्या मापात बरोबर बसतात, त्या क्षणी ते पात्र मरते. मापाबाहेर जे उरते त्यातच त्याचा जीव असतो.

आपल्याकडे राजकीय कादंबरी म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचा आरंभ बहुधा ग. त्र्यं. माडखोलकरांच्या ‘मुक्तात्मा’पासून (१९३३) धरतात. पाठोपाठ खांडेकरांची ‘उल्का’ (१९३४) आली, बेचाळीस साली ‘क्रौंचवध’ आली. या कादंबऱ्यांचे ऋण लहान नाही. ज्या घरांत वर्तमानपत्र फक्त पुरुषांच्या हाती पडत असे, त्या घरांतल्या मुलींपर्यंत स्वातंत्र्य आणि समता हे शब्द या पुस्तकांनी नेले. परंतु आज ती वाचताना एक दोष जाणवल्यावाचून राहत नाही. त्यांतली माणसे पुष्कळदा गळ्यात पाटी अडकवून फिरतात: हा ध्येयवादी, हा विलासी, हा क्रांतिकारक, हा नुसताच पुस्तकपंडित. पाटी वाचली की माणूस वाचून होतो. ही टीका मी काचेच्या घरात बसून करीत आहे, हे मघाच्या कबुलीवरून वाचकांना कळलेच असेल.

आता याच काळातले एक अगदी वेगळे पुस्तक घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिले. लिहिणारा काँग्रेसचा सत्याग्रही, लिहिण्याची जागा सरकारी कोठडी. आणि पुस्तकाला राजकीय म्हणण्याचे धाडस मात्र कोणी करणार नाही. तरी मला वाटते की माणसाच्या मताचे मूळ कसे असते, हे त्यातल्या एका लहानशा प्रसंगाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी वाटेत पडते. शिवायचे नाही म्हणून कोणी तिला हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिची मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

या आईला आपण कोणत्या पक्षात घालणार? सनातन्यांच्या सभेत ती बसू शकत नाही, कारण तिने शिवायला सांगितले. सुधारकांच्या सभेत तिला कोणी घेणार नाही, कारण तिने आंघोळ करायला सांगितली. एखाद्या कच्च्या लेखकाने त्या आंघोळीचे वाक्य गाळले असते. आई निर्मळ सुधारक झाली असती आणि आपण तिला तेव्हाच विसरलो असतो. गुरुजींनी ते वाक्य ठेवले. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरचे ओझे आणि घरातले सोवळे या दोन्ही गोष्टी त्या माउलीला खऱ्या होत्या. त्यांतली पहिली तिला त्या घटकेला अधिक खरी वाटली. माणसाची मते बदलतात ती अशी. तो एका छावणीतून उठून दुसऱ्या छावणीत जाऊन बसत नाही. एका पायाने पुढे जातो आणि दुसरा पाय कितीतरी दिवस मागेच असतो.

खुद्द गुरुजींचेही तेच. ते काँग्रेसचे होते, खानदेशातल्या शेतकरी-कामगारांत राबले, पुढे समाजवाद्यांत रमले. यांतली कोणतीही ओळख खोटी नाही. पण १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून जेव्हा ते उपोषणाला बसले, तेव्हा ते कोणाच्या आज्ञेने बसले नव्हते. ज्या महात्म्याला ते गुरुस्थानी मानीत, त्यांनाही ते उपोषण त्या वेळी पसंत नव्हते. गुरुजी तरीही उठले नाहीत, आणि मंदिर खुले झाले. गांधीजींवरची त्यांची भक्ती त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. जिच्यात ‘नाही’ म्हणण्याला जागा असते अशी भक्ती ज्याला समजली, त्यालाच ‘श्यामची आई’ लिहिता येते.

दुसरे उदाहरण मी अण्णा भाऊ साठे यांचे घेतो. आणि येथे थोडे अधिक थांबले पाहिजे. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते. या बाबतीत त्यांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक काढले, स्टॅलिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ साली रशिया पाहून आले. पक्षाचा असा पक्का माणूस मराठी साहित्यात शोधावा लागेल. या माणसाने १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. त्या काळात लाल निशाण आणि निळे निशाण यांच्यात सख्य थोडे आणि तक्रारी पुष्कळ होत्या. बाबासाहेबांनी कम्युनिझमवर किती कडक टीका केली होती, हे अण्णा भाऊंना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेल्या या माणसाला जगाकडे पाहण्याची दृष्टी एकाकडून मिळाली होती आणि ताठ उभे राहण्याचे बळ दुसऱ्याकडून. दोहोंपैकी एकच ऋण मान्य करा असे त्याला कोण सांगणार?

आणि कादंबरीच्या आत तर आणखी मौज आहे. वर्गलढ्याच्या हिशेबाने पाहिले तर गावचा पाटील आणि कुलकर्णी हे मांगवाड्याचे शत्रू असावयास हवेत. ‘फकिरा’त तसे घडत नाही. फकिराचा बाप राणोजी आपला जीव घालवतो तो गावच्या जत्रेसाठी, जोगणीच्या मानासाठी, म्हणजे पुस्तकी क्रांतिकारक ज्याला अंधश्रद्धा म्हणेल त्यासाठी. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या बाजूने उभा राहतो. फकिरा धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो. पण त्याला धनिकवर्ग नष्ट करावयाचा नसतो, त्याला आपली माणसे जगवावयाची असतात. आणि शेवटी त्याच माणसांना सोडवण्यासाठी तो स्वतः सरकारच्या हाती येतो.

काही पंडितांनी याला वैचारिक गोंधळ म्हटले असते. मला तो गोंधळ वाटत नाही. अण्णा भाऊंनी आपले गाव पाहिले होते. सगळेच कुलकर्णी सारखे नसतात आणि भुकेला माणूसही मान विसरत नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाच्या आधी ठाऊक होते. लिहिताना पक्षाचे म्हणणे आणि गावाचा अनुभव यांत जेथे जेथे अंतर पडले, तेथे तेथे त्यांनी अनुभवाला वाट दिली. म्हणूनच ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि ज्यांना साम्यवाद या शब्दाचा अर्थही सांगता येणार नाही, अशा वाचकांच्या घरांतही ते पुस्तक गेले. पोवाडे रचणारा अण्णा भाऊ पक्षाचा होता आणि ‘फकिरा’ लिहिणारा त्या पक्षाहून मोठा होता. पण माणूस एकच होता. त्याने पक्ष सोडला नाही, आणि पक्षासाठी राणोजीची जोगणीही सोडली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अरुण साधू यांची ‘सिंहासन’ (१९७७) आहे. तीत पक्ष आहे, गट आहेत, मुख्यमंत्री आहे, त्याची खुर्ची ओढू पाहणारा अर्थमंत्री आहे, कामगारपुढारी आहे; नाही ते फक्त मत. कोणाला काय पटते हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. कोण कोणाकडे गेला, एवढाच प्रश्न उरतो. १९७९ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट काढला, तो पाहून बाहेर पडताना प्रेक्षक हसत असत आणि हसता हसता गप्प होत असत, असे वडीलधारे सांगतात. माझ्या मते त्या कादंबरीचे सामर्थ्य या रिकामेपणात आहे. मते अंगात मावत नाहीत, ही एक अडचण; पण अंगच नाही आणि सदरा तेवढा उभा आहे, ही त्याहून मोठी. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत महाराष्ट्रातले दोन पक्ष उभे फाटले; एका नावाचे दोन-दोन पक्ष झाले; नाव कोणाचे आणि चिन्ह कोणाचे याचे निर्णय निवडणूक आयोगाला द्यावे लागले. त्या दिवसांत मला ‘सिंहासन’ पुन्हा काढून वाचावीशी वाटली. कार्यकर्त्यांना त्या काळात एकच प्रश्न विचारला जात होता: ‘तू कोणाकडे?’ ‘तुला काय वाटते?’ असे कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आले नाही.

तरीही पुढाऱ्यांच्या बाबतीत सगळेच असे असते असे मानणे अन्यायाचे होईल. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. महाराष्ट्रात काँग्रेस म्हणजे यशवंतराव असे समीकरण पुढे झाले. परंतु या पुस्तकातला तरुण असा एकरंगी नाही. थोरले बंधू सत्यशोधकी विचारांचे, धाकट्याला स्वातंत्र्याच्या चळवळीची ओढ. आणि घर एक, चूल एक. तुरुंगात गेल्यावर या तरुणाला मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी भारून टाकले. पुढे महायुद्धाच्या प्रश्नावर रॉय यांची दिशा त्याला पटेना आणि तो त्या वाटेवरून परत फिरला. ‘कृष्णाकाठ’ची गोडी या चाचपडण्यात आहे. बहुतेक पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांत नायक जन्मतःच योग्य पक्षात असतो. येथे तो शोधीत शोधीत येतो, आणि येताना जुन्या वाटांची धूळ पायांवर घेऊन येतो. घरातल्या थोरल्याचे मत वेगळे म्हणून धाकट्याचा जिव्हाळा आटल्याचे या पुस्तकात कोठे आढळत नाही. दिवाळीला एका पंगतीत बसणाऱ्या घरांनी एवढ्याचसाठी तरी ते वाचावे.

पुस्तकांतून घराकडे आलोच आहे तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझे आजोबा खादीचे. टोपी काढून ते फक्त झोपत. १९५६ साली मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठी संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तिच्यात प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. निवडणुकीच्या वेळी जनसंघ आणि हिंदु महासभाही बरोबर होत्या. एरवी ज्यांनी एकमेकांचे पाणी प्यायले नसते ते सारे एका व्यासपीठावर आले. तिकडे केंद्रात अर्थमंत्री असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. १९५७ साली निवडणूक आली तेव्हा आजोबांनी मत दिले समितीला. आणि घरी येऊन भिंतीवरच्या गांधी-नेहरूंच्या तसबिरींना नेहमीप्रमाणे हार घातला. आजीने विचारले, ‘‘अहो, हे कसं?’’ आजोबा म्हणाले, ‘‘मुंबई माझी आहे, आणि हेही माझेच आहेत.’’ वडील ही गोष्ट सांगत तेव्हा हसत. पण त्यांच्या हसण्यात अभिमान असे.

१९६० साली राज्य झाले. समितीला बांधून ठेवणारी गाठ सुटली आणि ती विस्कटली. बासष्टच्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. त्यांत आजोबांचेही मत होते. त्यांनी विचार बदलला होता का? मुळीच नाही. सत्तावन्न सालीही आणि बासष्ट सालीही त्यांचे विचार तेच होते. त्यांतला कोणता विचार त्या वर्षी सर्वांत पुढे उभा होता, एवढाच फरक. निवडणुकीचा आकडा पाहून मतदार इकडून तिकडे गेला असे आपण म्हणतो. पुष्कळदा मतदार जागच्या जागीच असतो. प्रश्न त्याच्यासमोरून सरकत जातात.

येथवर वाचून कोणी म्हणेल की लेखकमहाशयांना पक्षच नको आहेत. तसे मुळीच नाही. ‘मला कोणताच पक्ष पटत नाही’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ ऐकतो, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी काही जण मतदानाच्या दिवशी सहलीला गेलेले असतात. सगळे मनासारखे असलेला पक्ष ज्याला हवा आहे, त्याने एक सभासदाचा पक्ष काढावा. आणि तोही दुसऱ्या दिवशी फुटेल, कारण आपले आपल्याशी तरी रोज कोठे पटते? पक्ष म्हणजे अनेकांनी आपापला थोडा हट्ट सोडून उचललेले ओझे. एकट्याने पालखी उचलत नाही.

याबाबत बाबासाहेबांचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवावे. इतका स्वतंत्र बुद्धीचा माणूस, पण त्यांनी पक्षाशिवाय राजकारण केले नाही. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. आणि शेवटी रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली, जी त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रत्यक्षात आली. ज्या कम्युनिस्टांशी त्यांचे तत्त्वतः जमत नव्हते, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून १९३८ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप घडवला. आणि १९५१ साली, हिंदू कोड बिल रखडलेले पाहून, केंद्रातले मंत्रिपद सोडले. काम बदलले की त्यांनी अवजार बदलले. आणि अवजारासाठी काम कधी बदलले नाही. पक्षाकडे पाहण्याची याहून निकोप दृष्टी मला तरी माहीत नाही.

शिवाय पक्षाचे बंधन सर्वांना सारखे नसते. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. तेव्हापासून आमदार-खासदाराने सभागृहात पक्षाचा व्हिप मोडून मत दिले तर त्याचे पद जाऊ शकते. त्याच्या मनात काही निराळे असले तरी त्याला बहुधा ते गिळावे लागते. हा कायदा बरा की वाईट, या वादात मी आज पडत नाही. बाजार थांबवण्यासाठी तो आला होता, आणि बाजार किती थांबला ते आपण पाहतच आहोत. माझे म्हणणे एवढेच की हा व्हिप निवडून गेलेल्यांवर आहे, तुमच्याआमच्यावर नाही. आपल्याला कोणी आदेश काढलेला नसताना आपण आपणहून तो पाळू लागलो आहोत, याची मला चिंता वाटते. मोबाइलवरच्या घरगुती गटात भाऊ भावाला ‘तुमच्या पक्षाने’ असे लिहितो. तो पक्ष भावाचा नसतोही. त्याने फक्त रस्त्याबद्दल किंवा कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी म्हटलेले असते. पण एक मत उच्चारले की बाकीची नऊ मते लोक आपल्या पदरी बांधून मोकळे होतात. आणि हळूहळू, वादाच्या भरात, आपणही ती आपलीच म्हणून लढवू लागतो. बाहेरच्याने टोचलेली पाटी आपण आतून घट्ट शिवून घेतो.

साहित्याने येथे काही करता येण्यासारखे आहे काय? मला वाटते, आहे. चांगले पुस्तक आपल्याला कोणाला मत द्यावे हे सांगत नाही. मोळी उचलायला सांगणारी आणि लगेच आंघोळ करायला सांगणारी आई ते आपल्यापुढे उभी करते, आणि विचारते, हिला कोणत्या रकान्यात घालशील? जोगणीसाठी जीव देणारा मांगवाड्यातला शूर ते दाखवते आणि विचारते, याला मागासलेला म्हणशील की बंडखोर? आपण उत्तर देऊ शकत नाही. आणि त्या न देता येण्यातच आपल्याला आपल्या शेजाऱ्याकडे, भावाकडे, मेहुण्याकडे पाहण्याची नवी रीत सापडते. राजकीय कादंबरीची कसोटी मी यापुढे हीच मानणार आहे: ती मिटल्यावर विरुद्ध पक्षाच्या माणसाविषयी माझे कुतूहल वाढले की कमी झाले?

त्या पत्रातले प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहेत. साखर कारखान्याची ती कादंबरी मी पुन्हा लिहावयास घेतली आहे. या वेळी नायकाचे पहिले भाषण काढून टाकले, आणि त्या जागी बहिणीच्या लग्नाची बोलणी घातली. नायक हुंड्याविरुद्ध आहे. पण बहीण तिशीला आली आहे, आई रडते आहे, आणि मुलाकडची मंडळी ओसरीवर बसली आहेत. तो काय करील हे मला अजून माहीत नाही. पहिल्या खेपेला मला सारे माहीत होते. आणखी एक बदल झाला आहे. मुरलेल्या चेअरमनच्या घरात मी प्रथमच शिरलो, तर तेथे तो सुनेला पुढे शिकवण्यासाठी आपल्या बायकोशी भांडताना सापडला. हे त्याच्या पक्षाच्या कोणत्याही जाहीरनाम्यात नव्हते.

मतमोजणीच्या दिवशी आकडे आले तेव्हा मी त्या गावच्या केंद्राचे आकडे पाहिले. अमुक इतकी मते याला, अमुक इतकी त्याला. त्यांत कोठेतरी त्या म्हातारीचे एक होते. ज्याला ते मिळाले त्याने आपल्या विजयाच्या किंवा पराभवाच्या भाषणात ते आपल्या विचारांचे मत म्हणून मोजले असणार. तिचे जे दुसरे बटण राहून गेले, त्याची नोंद कोणत्याही यंत्रात नाही. ती नोंद ठेवण्याचे काम कोणाचे असेल तर ते आम्हा लिहिणाऱ्यांचे आहे. आणि फराळाचे ताट पुढे ओढून मेहुण्याशी वाद घालण्यापूर्वी, थोडेसे वाचकांचेही.